राईएवढ्या थेंबातले बेचाळीस हजार

मोठ्या आकड्यांचं आमच्या नाटे गावाला अप्रूप नाही. खाडीपलीकडे माडबनला मूळ आराखड्यात १,६५० मेगावॅटची एक अशा सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट, हा गुणाकार इथल्या पोराटोरांनाही येतो. प्रकल्प कागदावर असला तरी आकडा तोंडपाठ. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. १ जून ते ३१ जुलै साखरी नाट्याच्या होड्या किनाऱ्यावर, ते ६१ दिवस मात्र बोटांवर मोजायचे. अशा गावात एक मध्यम चणीचा आकडा आमच्या घरात शिरला आणि त्याने सगळ्यांची झोप उडवली. ४२,०००.

निमित्त पावसाळी तापाचं. आमच्याकडे सप्टेंबरात अंग तापलं की तीन नावं ओळीने येतात: मलेरिया, डेंगी, लेप्टो. खाली सिंधुदुर्गाकडे २०१६ पासून माकडतापही त्या यादीत बसलाय. या सगळ्याच तापांत रक्तातल्या प्लेटलेट उतरतात आणि ताप गेला की बहुधा आठवडा-पंधरवड्यात आपोआप चढतात. माझ्या तपासण्यांत यातलं काहीच निघालं नाही, ताप पाचव्या दिवशी गेला, पण प्लेटलेट चढल्या नाहीत. पुढे पोटऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले. मला वाटलं डास. डासाची लाली बोटाने दाबली की पुसट होते; हे ठिपके दाबले तरी होते तसेच.

काकी रोज विचारायची, “बाय, पेशी किती भरल्या गो?” कणगीत भात भरावं तसं. खरं तर त्या पेशी नव्हेतच. शाळेच्या पुस्तकात त्यांना रक्तपट्टिका म्हणतात, दवाखान्यात प्लेटलेट, आणि मुळात ते पेशीचे तुटलेले तुकडे, केंद्रक नसलेले. पण डेंगीच्या साथींनी घराघरात ‘पेशी’ हाच शब्द रुजवला, त्याबरोबर पपईच्या पानांचा रस, शेळीचं दूध आणि किवी. आंबा-फणसाच्या गावात माझ्या उशाशी किवी ठेवलेलं होतं. ते मी खाल्लं. आकड्याने त्याची दखल घेतली नाही.

मग एका रात्री मी वहीत हिशेब मांडायला बसले. घाबरलेल्या माणसाने गणित करू नये म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे.

रिपोर्टात ‘४२,०००’ च्या पुढे बारीक अक्षरात माप लिहिलेलं असतं: एका मायक्रोलिटरमागे. एक मायक्रोलिटर म्हणजे एक मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच चौकोनी ठोकळा, राईच्या दाण्याएवढा थेंब. निरोगी माणसाच्या राईएवढ्या थेंबात दीड लाख ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. म्हणजे मी आतापर्यंत ‘माझ्याकडे बेचाळीस हजार उरल्या’ असं धरून चालले होते ते साफ चुकीचं. बेचाळीस हजार एका राईत. अंगात रक्त पाच लिटर धरलं तर अशा राया पन्नास लाख. गुणाकार केला, शून्यं दोनदा तपासली. एकवीस हजार कोटी. पृथ्वीवरची माणसं आठशे कोटी धरली तर प्रत्येकाला सव्वीस प्लेटलेट वाटता येतील, एवढी माझी गरिबी.

निरोगी माणसाचं भांडवल, थेंबामागे अडीच लाख धरून, सव्वा लाख कोटी. हा आकडा डोक्यात मावत नाही म्हणून मी तो पावसात मोजला. दोन मिलिमीटर व्यासाचा पावसाचा थेंब साधारण चार मायक्रोलिटरचा. तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर वर्षाला तीन हजार लिटर, थेंबांत सांगायचं तर सत्तर कोटींच्या थोडं वर. या हिशेबाने एका धडधाकट माणसाच्या अंगातल्या प्लेटलेट म्हणजे सतरा गुंठ्यांवर वर्षभर पडलेला सगळा पाऊस, थेंब न् थेंब. माझ्या भरल्या तीन गुंठ्यांच्या. घराचं खळं, पाठीमागचं परसू आणि विहिरीभोवतीचा तुकडा एवढी ती जागा. दिवाळीनंतर खळं सारवताना मला ते दर वेळी आठवतं.

पण हीच रक्कम दुसऱ्या मापात टाकली की तिचा रुबाब उतरतो. एक प्लेटलेट दोन-तीन मायक्रोमीटरची. अडीच धरली आणि निरोगी माणसाच्या सगळ्या प्लेटलेट एकीला एक लावून उभ्या केल्या तर रांग ३,१०० किलोमीटरच्या पुढे जाते. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, त्याच्या चौपटीहून जास्त. माझी रांग सव्वापाचशे किलोमीटरवर संपते, किनारा एकदाही पुरा होत नाही. आणि आकारमान? एक प्लेटलेट साधारण दहा फेम्टोलिटरची. सव्वा लाख कोटी प्लेटलेट एकत्र गोळा केल्या तर साडेबारा मिलिलिटर, औषधाचे अडीच चमचे. माझा अर्धा चमचासुद्धा नीट भरत नव्हता. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारा प्लास्टिकचा चमचा हातात धरून मी किती वेळ बसले होते कोण जाणे. जगाला सव्वीस पट पुरणारी संपत्ती आणि चमच्याच्या तळाशी लागलेला ओघळ, दोन्ही एकच.

इथपर्यंत साठ्याचं झालं. आवकीकडे वळले तेव्हा मात्र मी वही मिटून पुन्हा उघडली. प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते. म्हणून माणसाच्या हाडांतला मगज रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या प्लेटलेट बनवतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. दर सेकंदाला साडेअकरा लाख. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. दापोली-मंडणगडपासून राजापूरपर्यंतची सगळी माणसं दीड सेकंदाच्या आत बनून तयार. अख्खा महाराष्ट्र, ११ कोटी २३ लाख, त्याला एक मिनिट सदतीस सेकंद. चहा उकळायला याहून जास्त वेळ लागतो. हे काम मेगाकॅरिओसाइट नावाच्या अगडबंब पेशी करतात. एकेक पेशी स्वतःचे तुकडे पाडत एक ते पाच हजार प्लेटलेट सोडते आणि संपते. दहा हजार कोटींचा रतीब घालायला रोज दोन ते दहा कोटी अशा आया खर्ची पडतात.

डॉक्टरांना माझं निदान सांगता का येत नव्हतं, हे मला इथे कळलं. तोवर त्यांच्या ‘बघूया’ चा मला राग येत होता.

सकाळी दहाला बंदरावर जा. टोपल्या रिकाम्या दिसल्या तर काय समजायचं? होड्या गेल्याच नाहीत, हे एक कारण. होड्या गेल्या, भरून आल्या, पण पहाटेच व्यापाऱ्याने सगळा माल उचलला, हे दुसरं. माल आलाय आणि बर्फात घालून आत कोंडून ठेवलाय, हे तिसरं. रिकामी टोपली तिन्ही वेळा सारखीच दिसते. रिपोर्टातला आकडा ही ती दहा वाजताची टोपली आहे. तो शिल्लक सांगतो. आवक आणि जावक सांगत नाही. मगजच बनवत नसेल, तर ती एक गोष्ट. मगज धडाधड बनवतोय पण शरीराचीच प्रतिकारशक्ती प्लेटलेटवर खुणा करून त्या मारतेय, तर वेगळी. आणि कोंडून ठेवायला प्लीहा आहे, जुनी माणसं तिला पाणथरी म्हणतात. चांगल्या माणसातही एक तृतीयांश प्लेटलेट कुठल्याही क्षणी तिथे असतात. यकृताच्या दुखण्यात ती सुजली की नव्वद टक्क्यांपर्यंतही माल आत अडकतो. म्हणून डॉक्टर पोट चाचपतात, सोनोग्राफी करतात.

दुसरं कारण, म्हणजे मारून टाकण्याचं, त्याला आयटीपी म्हणतात. युरोपातल्या नोंदींत मोठ्या माणसांत वर्षाला लाखामागे तीनेक नवे रुग्ण सापडतात. तेच प्रमाण आमच्या जिल्ह्याला लावलं तर वर्षाला पन्नासेक. गंमत अशी की ‘हा आयटीपी’ असं ठामपणे सांगणारी एकही तपासणी नाही. प्लेटलेटवरच्या प्रतिपिंडांची तपासणी आहे, पण खऱ्या रुग्णांतही ती कितीदा तरी कोरी येते. मग करायचं काय, तर बाकीची नावं एकेक करून खोडायची. हिपॅटायटिस सी नाही. एचआयव्ही नाही. यकृत ठीक. थायरॉइड ठीक. कुठलं औषध चालू नाही. रक्ताच्या काचपट्टीवर भलत्या पेशी नाहीत. सगळं खोडून जे उरतं ते आयटीपी. पूर्वी त्यातल्या ‘आय’ चा अर्थच ‘कारण ठाऊक नाही’ असा होता. २००९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी बसून ‘आय’ म्हणजे प्रतिकारशक्तीशी निगडित असा नवा अर्थ लावला, अक्षरं तीच ठेवली. नाव बदलून पाटी तीच ठेवायची ही आपल्याकडची रीत वैद्यकातही आहे, हे वाचून मला बरं वाटलं.

प्लेटलेट मारल्या जातात हे कळायला मात्र एका माणसाने स्वतःचं रक्त पणाला लावलं होतं. अंगावर आपोआप उठणाऱ्या जांभळ्या डागांच्या या आजाराचं वर्णन जर्मनीत वेर्लहोफने १७३५ मध्ये केलं, तेव्हा प्लेटलेट कुणी पाहिल्याही नव्हत्या. जखमेपाशी चिकटणारे हे कण वेगळे आहेत हे इटलीच्या बिझोझेरोने १८८२ च्या सुमारास दाखवलं. ते मगजातल्या महापेशींतून येतात हे बॉस्टनच्या राइटने १९०६ मध्ये. तरी टोपली रिकामी का, यावर वाद चालूच. १९५० साली अमेरिकेत सेंट लुईसच्या बार्न्स हॉस्पिटलमधल्या विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या एका रुग्णाचं सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःला टोचून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट कोसळल्या. अंगावर ठिपके उठले, फेफऱ्यासारखा झटका आला. लोकांनी त्याच्या छातीच्या हाडातून मगज काढून पाहिला, तर महापेशी जागच्या जागी, धडधाकट. होड्या समुद्रातच होत्या. व्यापारी रक्तातून आला होता. जवळजवळ आठवड्याने आकडा वर चढला. पुढे त्याच्या सहकाऱ्यांनीही हात पुढे केले. आजच्या कुठल्याही नैतिक समितीने हा कागद दारातूनच परत पाठवला असता, आणि ते योग्यच झालं असतं. पण माझ्या पोटरीवरच्या ठिपक्यांना नाव मिळालं ते त्या बाटलीतून.

आता थोडं मोजण्याबद्दल. कारण माझी सगळ्यात वाईट रात्र मोजण्यानेच आणली होती.

पहिल्या रिपोर्टात ४२,००० नव्हते, १८,००० होते. आडिवरे, पूर्णगड, पावस करत रात्रीच रत्नागिरी गाठली. दातांतून, लघवीतून रक्त येतंय का, डोकं दुखतंय का, दर घाटाला कुणी ना कुणी विचारत होतं. तिथे काचपट्टी पाहिली तर कडेला प्लेटलेटच्या गुठळ्या. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं. हजारात एखाद्या माणसाच्या प्लेटलेट त्या रसायनातच एकमेकींना बिलगतात, आणि मशीन वीस जणींच्या घोळक्याला धड एकही मानत नाही. फिकट निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं. ४२,०००. एकही गोळी न घेता एका रात्रीत चोवीस हजारांची कमाई. किवीचं श्रेय काकीने सोडलं नाही.

मशीन प्लेटलेट बघत नाही. वॉलेस कूल्टरने १९५३ मध्ये पेटंट घेतलेल्या युक्तीवर ती चालते: बारीक भोकातून कण जाताना विजेला होणारा अडथळा मोजायचा, छोटा अडथळा म्हणजे प्लेटलेट, मोठा म्हणजे तांबडी पेशी. प्लेटलेट जात्याच मोठी असेल तर ती भलत्या खात्यात जमा होते. २००२ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी पश्चिम बंगालमधल्या रक्तदात्यांबद्दल लिहिलं: जवळजवळ तिघांत एकाच्या प्लेटलेट आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी, पण माणूस ठणठणीत, रक्तस्राव काही नाही. एका प्रांतातला तिसरा हिस्सा रिपोर्टात आजारी आणि बाजारात हिंडता-फिरता. अशा माणसाला आयटीपी समजून स्टेरॉइड दिलं तर तोंड सुजेल, साखर चढेल, झोप जाईल. आकडा हलायचा नाही.

हाताने मोजायची जुनी रीत आणखी नम्र करणारी आहे. ब्रेचर आणि क्रॉन्काइट यांची, १९५० ची. रक्त शंभर पट पातळ करायचं, आखलेल्या काचेच्या खोबणीत भरायचं, ओल्या कागदाच्या झाकणाखाली पंधरा-वीस मिनिटं तुकडे बसू द्यायचे आणि एक चौरस मिलिमीटर मोजायचा. खोबणीची खोली एक दशांश मिलिमीटर, म्हणून जेवढ्या दिसल्या त्याला हजाराने गुणायचं. बेचाळीस दिसल्या की बेचाळीस हजार. एक नजरेतून सुटली की हजार गेल्या. त्यात मोजणाऱ्याची चूक नसतानाही थेंबाची स्वतःची लहर असते: बेचाळीस मोजल्या तर सहा-सात इकडेतिकडे होणारच, तो वर्गमुळाचा नियम आहे. तीनदा मोजलं तर दोनदा आकडा छत्तीस ते अठ्ठेचाळीस हजारांत कुठेही पडेल. आणि आमच्या घरात ४२ चे ४० झाले की जेवण गळ्याखाली उतरत नव्हतं, ४५ झाले की देवापुढे नारळ. देवाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हे तिन्ही आकडे एकच.

मग किती हव्यात? हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. १९८५ साली सिएटलच्या हॅन्सन आणि स्लिक्टर यांनी मोजून काढलं होतं की रक्तवाहिन्यांची रोजची डागडुजी, शिवणीशिवणीतून रक्त झिरपू न देणं, याला मायक्रोलिटरमागे दिवसाला सुमारे ७,१०० प्लेटलेट लागतात. बस. बाकीच्या दीड-दोन लाख जणी बसून असतात, एखादा कोयता लागेल, एखादं बाळंतपण येईल, त्या दिवसासाठी. म्हणून मगजच थकलेल्या रुग्णाला बाहेरून प्लेटलेट चढवायची रेघ बहुधा १०,००० वर आखतात. म्हणून आयटीपीत मोठ्या माणसाला रक्तस्राव नसेल तर ३०,००० च्या वर बरेचदा औषधच देत नाहीत, लक्ष ठेवतात. बाहेरून चढवलेल्या प्लेटलेट आयटीपीत फारशा टिकत नाहीत. व्यापारी तोच, तो त्याही उचलतो. डोक्यात रक्तस्राव होण्याची भीती खरी असते, मोठ्यांत शंभरात एक-दोघांना, मुलांत त्याहून कमी. ‘एक-दोघांना’ हे वाचून त्या रात्री मी एक-दोघांतलीच होते. आता अठ्ठ्याण्णवांत बसते. रोज नाही.

आजार कुठून मानायचा, ती रेघही माणसांनीच आखली आहे. पूर्वी दीड लाखाखाली आयटीपी म्हणत. २००९ च्या त्याच बैठकीने रेघ एक लाखावर आणली. त्याआधी २००६ मध्ये इटलीतल्या एका अभ्यासाने एक आणि दीड लाखांच्या मधल्या माणसांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. दहा वर्षांत शंभरातल्या सातेक जणांना पुढे आयटीपी होईल एवढाच धोका निघाला. रेघ पन्नास हजारांनी खाली सरकली आणि जगभरची किती तरी माणसं एका सकाळी, काही न करता, बरी झाली.

मी त्या रेघेच्या खालीच आहे. तीन महिन्यांपर्यंत ‘नवा’, बारा महिन्यांपर्यंत ‘रेंगाळलेला’, त्यापुढे ‘जुनाट’, अशा तीन खोल्या या आजाराला आहेत, आणि माझ्या कागदावर आयटीपीपुढे अजून प्रश्नचिन्ह. आमच्याच तालुक्यात उन्हाळे गावात राजापूरची गंगा आहे. चौदा कुंडं कोरडी पडलेली असतात आणि एक दिवस पाणी येतं. तीन वर्षांनी येते म्हणतात, पण ती तीन वर्षं पाळत नाही. आली की लोक आंघोळीला जातात, गेली की बाकीची कामं करतात. कुंडापाशी रोज पट्टी घेऊन बसलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. मी मात्र सुरुवातीला आठवड्यातून दोनदा रक्त देत होते. आता महिन्याने एकदा.

गेल्या खेपेला लॅबमधल्या मुलाला विचारलं, मला बघता येईल का. त्याने तेलाचा थेंब टाकून काचपट्टी लावली आणि खुर्ची सरकवली. गुलाबी तांबड्या पेशींची दाटी, आणि मधे कुठे तरी जांभळट कण, पाटीवरच्या पेन्सिलीची पूड उडावी तसे. सूक्ष्मदर्शकाच्या एका गोलात एक प्लेटलेट म्हणजे थेंबात साधारण पंधरा हजार, असा त्यांचा अदमास. दहा गोल मोजायचे. एका गोलात चार होत्या, एकात एकही नाही. तिथे मी उगाच थांबून राहिले. बेरीज केली, दहाने भागलं, पंधरा हजाराने गुणलं.

बाहेर आले तोवर काकीचा फोन.

“बाय, किती भरल्या गो?”

“चाळीस हजार पाचशे.”

“मगाशी तर चव्वेचाळीस म्हणालीस.”

“ते मशीनचे.”

“नि हे कुणाचे?”

“हे मी डोळ्यांनी बघितले. सत्तावीस.”